आधीपासूनची ओळख

२० सप्टेंबर १८८६ रोजी अमेरिकेच्या डाकोटा प्रांतातल्या मेडोरा या गावाहून एका भावानं न्यूयॉर्कमधल्या आपल्या मोठ्या बहिणीला पत्र लिहिलं. गाव कसलं, रेल्वेच्या रुळांकडेला वसलेली वस्ती. भोवती उघड्याबोडक्या टेकड्या आणि गुरांचे कळप. भावाला अठ्ठाविसावं वर्ष लागून संपत आलेलं. आपण पुन्हा लग्न करणार आहोत, हे त्याला बहिणीला सांगायचं होतं. बातमी आनंदाची होती, पण पत्र आरोपीनं दिलेल्या जबाबासारखं आहे. दुसरं लग्न आपल्याला मुळीच मान्य नाही, ते पुरुषाच्या स्वभावातल्या दुबळेपणाची खूण आहे असंच आपण मानत आलो, असं तो लिहितो. तू मला कितीही बोललीस तरी मी स्वतःला जे बोलतो आहे त्याच्या निम्मंही ते होणार नाही, असं सांगतो. आणि स्वर्ग खरोखरच असेल तर तिथं जायची वेळ आपल्यावर येऊ नये, कारण गेलेल्या माणसांची तिथं गाठ पडेल, इथवर त्याची मजल जाते.

पत्र लिहिणारा होता थिओडोर रूझवेल्ट. पुढे १९०१ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला. इतक्या लहान वयात त्या पदावर आलेलं दुसरं कुणी आजवर नाही. रशमोर पर्वतावर कोरलेल्या चार चेहऱ्यांपैकी एक त्याचा आहे. पण मेडोराहून पत्र लिहिताना तो अडीच वर्षांपूर्वी बायको गमावलेला विधुर होता, त्याची लहान मुलगी बहिणीकडे वाढत होती आणि तो ज्या मुलीशी लग्न करणार होता तिला तो चड्डीत असल्यापासून ओळखत होता. तिचं नाव एडिथ कॅरो.

बहिणीला ही बातमी आधीच कळली होती, तीही वर्तमानपत्रातून. ऑगस्टच्या अखेरीस ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं सामाजिक बातम्यांमध्ये हे लग्न ठरल्याचं छापलं. बहिणीला ती शुद्ध थाप वाटली आणि तिनं आग्रह धरून आठवड्याभरात खुलासा छापायला लावला. खुलासा छापून आला आणि मग भावाचं पत्र आलं. लग्न ठरून तोवर दहा महिने झाले होते.

या पत्रानं मला धरून ठेवलं, त्यामागे आजचंच कारण आहे. शाळेच्या जुन्या वर्गाचे व्हॉट्सअ‍ॅप गट आता गावोगाव आहेत. त्यातून साठीच्या उंबरठ्यावरची, जोडीदार गेलेली दोन माणसं एकमेकांशी पुन्हा बोलू लागतात. सकाळच्या नमस्कारापासून सुरू झालेलं बोलणं ‘जेवलीस का?’पर्यंत येतं आणि एक दिवस ते पोरांच्या कानावर घालायची वेळ येते. त्या वेळी अशा माणसाच्या तोंडून सगळ्यात आधी निघते ती माफी. ‘तुझ्या आईला मी विसरलो असं समजू नकोस.’ ‘बाबांची जागा कुणी घेणार नाहीये.’ सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या पत्रातही हीच माफी आहे. ही माफी कुणाची आणि कशाबद्दल मागायची असते, हा प्रश्न रूझवेल्टच्या घरात जितका उघडा पडलेला दिसतो तितका क्वचितच दिसतो. त्या घरातल्या माणसांनी पत्रं आणि रोजनिशा लिहून ठेवल्या. त्यातलं बरंचसं जाळलंही गेलं, पण उरलेलं पुरेसं बोलकं आहे.

*

एडिथचा जन्म ऑगस्ट १८६१चा. थिओडोर तिच्याहून पावणेतीन वर्षांनी मोठा. तिचे वडील आणि त्याचे वडील एकमेकांचे स्नेही. कॅरो कुटुंबाचा जहाजांचा धंदा होता, पण तो खाली येत गेला, वडिलांचं पिणं वाढत गेलं आणि नातेवाइकांच्या आधारानं दिवस काढायची पाळी आली. रूझवेल्ट मंडळी खाऊनपिऊन सुखी. थिओडोरची धाकटी बहीण कोरिन आणि एडिथ यांच्या वयात दोनच महिन्यांचं अंतर होतं. थिओडोरची मावशी घरातच मुलांना शिकवायची आणि त्या घरगुती वर्गात एडिथही बसायची. घरी पैशाची चणचण आणि बापाचं व्यसन बघणारी ही मुलगी लहानपणापासून अबोल, पुस्तकात डोकं खुपसून बसणारी, आपल्या मनातलं कुणाला कळू न देणारी अशी झाली. दम्यानं बेजार असलेला, पक्षी-प्राणी गोळा करत फिरणारा, सतत बडबडणारा थिओडोर तिच्याशी पुस्तकांवर बोलायचा.

१८६९ साली रूझवेल्ट कुटुंब वर्षभरासाठी युरोपात गेलं. नोव्हेंबरात पॅरिसमध्ये आईनं अकरा वर्षांच्या थिओडोरला एडिथचा फोटो दाखवला. त्या दिवशी त्यानं रोजनिशीत लिहिलं की तिचा चेहरा बघून घराची आठवण दाटून आली आणि पुन्हा कधीही न येणाऱ्या दिवसांची ओढ लागली. अकरा वर्षांच्या मुलाचे कसले आलेत गेलेले दिवस! पण मला ही नोंद फार महत्त्वाची वाटते. या मुलाच्या मनात एडिथ आणि घर या दोन गोष्टी त्या वयातच एक झाल्या होत्या. पुढे लाँग आयलंडच्या ऑयस्टर बे इथं ही मंडळी उन्हाळा घालवू लागली तेव्हा त्यानं आपल्या वल्ह्याच्या होडीला एडिथचंच नाव दिलं. दोघांचं लग्न होणार, असं आसपासच्या माणसांनी धरून चालावं इतकी ती जोडी डोळ्यांत भरणारी होती.

मग २२ ऑगस्ट १८७८चा दिवस आला. थिओडोर हार्वर्डमध्ये शिकत होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत वडील गेल्यानं तो आतून मोडला होता. ऑयस्टर बेला बागेतल्या छोट्या मंडपात तो आणि एडिथ बोलत बसले आणि तिथं काहीतरी बिनसलं. काय, ते दोघांनीही आयुष्यभर सांगितलं नाही. त्याच सुमारास घोड्यावरून रपेट करताना मागे लागलेल्या शेजाऱ्याच्या कुत्र्यावर थिओडोरनं गोळी झाडली, यावरून त्याच्या मनाची कल्पना यावी. दोघांचेही स्वभाव तापट होते, एवढंच त्यानं पुढे बहिणीला लिहिलं.

त्याच ऑक्टोबरात बॉस्टनजवळ चेस्टनट हिल इथं एका वर्गमित्राच्या घरी त्याला अ‍ॅलिस हॅथवे ली भेटली. सतरा वर्षांची, उंच, हसतमुख. घरचे तिला सूर्यप्रकाश म्हणून हाक मारत. थिओडोर वेडा झाला. वर्षभराहून अधिक काळ तो तिच्या मागे होता. २७ ऑक्टोबर १८८० रोजी, त्याच्या बाविसाव्या वाढदिवशी, त्यांचं लग्न झालं. लग्नाला एडिथ आली होती. बुटांचे तळवे झिजेपर्यंत ती नाचली, अशी आठवण त्या कुटुंबात सांगत. तिनं पुढची सहा वर्षं लग्न केलं नाही. १८८३मध्ये तिचे वडील वारले आणि आई, धाकटी बहीण आणि ती अशा तिघी तुटपुंज्या पैशांत राहू लागल्या. कोरिनशी तिची मैत्री होती तशीच राहिली, त्यामुळे थिओडोर-अ‍ॅलिसच्या संसाराची खबर तिला असायची आणि ती दोघं तिला अधूनमधून भेटतही. अ‍ॅलिस लीला एडिथनं पाहिलं होतं, तिच्याशी ती बोलली होती. पुढच्या सगळ्या गोष्टीत हे विसरून चालणार नाही.

*

१२ फेब्रुवारी १८८४ रोजी न्यूयॉर्कच्या सत्तावन्नाव्या रस्त्यावरच्या घरात अ‍ॅलिसला मुलगी झाली. थिओडोर तेव्हा राज्याच्या विधानसभेचा सदस्य होता आणि कामासाठी ऑल्बनीत होता. १३ तारखेला सकाळी त्याला तार मिळाली, सभासदांनी अभिनंदन केलं. काही तासांनी दुसरी तार आली. ती वाचून तो तडक स्टेशनवर गेला. धुक्यामुळे गाडी रखडत चालली होती. मध्यरात्रीच्या सुमारास तो घरी पोचला तेव्हा वरच्या मजल्यावर बायको जेमतेम शुद्धीवर होती आणि खालच्या मजल्यावर आई विषमज्वरानं शेवटचे श्वास घेत होती. पहाटे तीनच्या सुमारास आई गेली. दुपारी दोनच्या सुमारास अ‍ॅलिस गेली. मूत्रपिंडाचा विकार होता, तो गरोदरपणाच्या त्रासात कुणाच्या लक्षात आला नव्हता. वय बावीस. त्या दिवशी रोजनिशीच्या पानावर थिओडोरनं एक मोठी फुली मारली आणि खाली आयुष्यातला उजेड गेल्याची एकच ओळ लिहिली. दोन दिवसांनी एकाच चर्चमध्ये दोन शवपेट्या शेजारी शेजारी ठेवून प्रार्थना झाली. दुसऱ्या दिवशी बाळाचं नाव ठेवलं: अ‍ॅलिस ली.

आईचं नाव मुलीला दिलं आणि त्यानंतर ते नाव उच्चारणं त्यानं जवळजवळ बंद केलं. मुलगी ‘बेबी ली’ झाली, पुढे भावंडांत ‘सिस्टर’. तिला त्यानं मोठ्या बहिणीच्या, अ‍ॅनाच्या हवाली केलं. या अ‍ॅनाला घरात सगळे बॅमी म्हणत. ती एकोणतीस वर्षांची, अविवाहित, कणखर आणि घरातल्या प्रत्येक संकटात पुढे होणारी बाई होती. पत्नीच्या आठवणीत त्यानं एक छोटी पुस्तिका खासगी छापून घेतली आणि तो विषय कायमचा मिटवला. ऑयस्टर बेला दोघांनी मिळून घर बांधायचं ठरवलं होतं, तिच्या माहेरच्या आडनावावरून त्याचं ‘लीहोम’ असं नाव योजलं होतं. घर बांधून झालं, पण त्याचं नाव ठेवलं ‘सॅगमोर हिल’. आणि तो स्वतः डाकोटात गेला. तिथं त्यानं गुरं पाळली, दिवस दिवस घोड्यावर काढले, शिकार केली, लिहिलं. तिथल्या मोकळ्या माळांनी त्याला सावरलं असं त्याचे चरित्रकार सांगतात आणि ते खरंही आहे.

मात्र न्यूयॉर्कला यायचं झालं की तो बहिणींना आधी कळवायचा: माझ्या मुक्कामात एडिथ घरी येणार नाही असं बघा. मला या विनंतीपाशी थांबावंसं वाटतं. आपल्याला ज्या माणसाबद्दल काहीच वाटत नाही त्याला कुणी असं टाळत नाही. शहरात हजार माणसं होती, त्यांच्यासमोर तो शोक सांभाळून वागू शकत होता. एडिथसमोर ते जमलं नसतं. तिनं त्याला दम्यात धापा टाकताना पाहिलं होतं, वडील गेल्यावर पाहिलं होतं, अ‍ॅलिसच्या प्रेमात पाहिलं होतं. बालपणीचा मित्र किंवा मैत्रीण दुःखातल्या माणसाला जे देऊ शकते ते नवीन ओळखीचं माणूस कितीही प्रेमळ असलं तरी देऊ शकत नाही, कारण दुःखाच्या आधी आपण कोण होतो हे त्याला ठाऊक असतं. म्हणूनच त्याची भीतीही जास्त वाटते.

१८८५च्या शरद ऋतूत बॅमीच्या मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरच्या घरी थिओडोर दारातून आत आला आणि एडिथ जिन्यावरून खाली उतरत होती. ठरवून झालेली ही भेट नव्हती, असंच सगळे सांगतात. १७ नोव्हेंबरला दोघांनी लग्नाचं वचन दिलं. अ‍ॅलिसला जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती. वचन गुप्त ठेवायचं ठरलं, इतकं गुप्त की एडिथची जिवलग मैत्रीण कोरिन आणि मुलीला सांभाळणारी बॅमी यांनाही ते कळू दिलं नाही. पुढच्या वसंतात एडिथ आई आणि बहिणीबरोबर युरोपात गेली, तिथं राहणं स्वस्त पडे म्हणून. थिओडोर डाकोटात परतला. या काळात तिनं त्याला लिहिलेलं एकच पत्र शिल्लक आहे, जून १८८६चं. आयुष्यात पूर्वी कधीच प्रेम न केलेल्या मुलीच्या सगळ्या उत्कटतेनं आपण त्याच्यावर प्रेम करतो, असं त्या अबोल बाईनं त्यात सांगितलं आहे. ते वाचल्यावर कळतं की मधली सात वर्षं ती कशाची वाट बघत होती.

*

हे सगळं वाचताना मन वारंवार आपल्याकडे येतं. १८८४ साली बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवरची टिपणं प्रसिद्ध केली आणि मुंबई-पुण्यात वादाला तोंड फुटलं. आपल्याकडे पंचविशीच्या विधुराला अपराधी वाटण्याची सवडच मिळत नसे. दिवस-कार्य उरकायच्या आत स्थळं यायची. न्यायमूर्ती रानडे यांच्या पहिल्या पत्नी १८७३मध्ये वारल्या. विधवाविवाहाच्या चळवळीतला हा माणूस, पण वडिलांच्या हट्टापुढे त्यांचं चाललं नाही आणि त्याच वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी त्यांचं लग्न लागलं. बाईला दुसरं लग्न पाप, पुरुषाला ते घरकामाची सोय. या व्यवस्थेत दुसऱ्यांदा ‘प्रेम’ होण्याला जागाच कुठे होती?

थिओडोर मेडोराहून ते पत्र लिहीत होता त्याच वर्षी, मार्च १८८६मध्ये, पंडिता रमाबाई अमेरिकेत पोचल्या होत्या. त्या रूझवेल्टच्याच वयाच्या, दोघांचाही जन्म १८५८चा. चार वर्षांपूर्वी विधवा झालेल्या. फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ बघून त्या तिथंच थांबल्या, हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव बोलून पैसा उभा केला आणि १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी होती देवरुखची गोदूबाई, धोंडो केशव कर्व्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण. कर्वेही १८५८चेच. त्यांच्या पत्नी राधाबाई १८९१मध्ये वारल्या. लग्न करीन तर विधवेशीच, असा कर्व्यांचा निश्चय होता. मित्राची बहीण त्यांच्या माहितीतली, डोळ्यांदेखत शिकलेली. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात दोघांचं लग्न झालं आणि मुरूड या कर्व्यांच्या गावानं त्यांना वाळीत टाकलं. राधाबाईंचा मुलगा रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचा होता. कर्व्यांनी आपल्या आत्मवृत्तात राधाबाईंबद्दल लिहिलं आहे. रूझवेल्टचं आत्मचरित्र १९१३ साली आलं. भलंथोरलं पुस्तक आहे, त्यात पक्षी आहेत, गुरं आहेत, युद्ध आहे, राजकारण आहे. अ‍ॅलिस ली नाही. एका शब्दानंही नाही.

*

नोव्हेंबर १८८६मध्ये थिओडोर न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक लढला आणि तिसरा आला. त्यानंतर चारच दिवसांनी तो आणि बॅमी खोट्या नावांनी इंग्लंडच्या बोटीत बसले, म्हणजे वार्ताहर मागे लागू नयेत. लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअरच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये २ डिसेंबरला लग्न झालं. धुकं इतकं दाट होतं की चर्चच्या आतही पलीकडचं दिसेना. नवरदेवाचा पाठराखा सेसिल स्प्रिंग राइस, बोटीवर ओळख झालेला तरुण इंग्रज. पुढे पहिल्या महायुद्धात तो ब्रिटनचा अमेरिकेतला राजदूत होता. त्यानं थिओडोरला भडक नारिंगी हातमोजे घालायला लावले. बॅमी लग्नात होती. ज्या बातमीचं तिनं जाहीर खंडन करायला लावलं होतं, तिला साक्षी राहायला ती समुद्र ओलांडून आली. या बाईबद्दल मला अपार आदर वाटतो.

आणि तिचं जे झालं त्याबद्दल वाईटही. मेडोराच्या पत्रातच थिओडोरनं लिहिलं होतं की तुला हवं असेल तर मुलगी तुझ्याकडेच राहील. बॅमीनं तिला जन्मापासून वाढवलं होतं. पण एडिथला हे मान्य नव्हतं. मुलगी बापाजवळच राहील, म्हणजे आपल्याजवळ, असं तिनं ठामपणे सांगितलं. थिओडोरला शब्द मागे घ्यावा लागला. १८८७च्या वसंतात नवदांपत्य परतलं तेव्हा तीन वर्षांची मुलगी ठेवणीतला फ्रॉक घालून, हातात गुलाबी गुलाबांचा मोठा गुच्छ धरून बॅमीच्या घराच्या जिन्यावर नव्या आईच्या स्वागताला उभी होती. ती आठवण तिनंच पुढे लिहून ठेवली. तिला सोडताना काळीज फाटायची वेळ आली होती, असं बॅमीनं नंतर सांगितलं. दोन माणसांना प्रेम पुन्हा सापडतं तेव्हा त्याची किंमत कधीकधी तिसरंच माणूस मोजतं आणि त्याचा हिशेब कुणी विचारत नाही.

एडिथच्या या हट्टाचा अर्थ मी बराच काळ शोधत राहिले. सवतीच्या मुलीला जवळ करण्यात तिचा काहीच लाभ नव्हता, उलट न ठेवणंच सोपं होतं. ती मुलगी रोज तिच्यासमोर अ‍ॅलिस लीचे डोळे घेऊन वावरणार होती. माझ्या मते त्या संसाराला खोटेपणाच्या पायावर उभं राहू न देणारी ती एकटीच होती. मुलगी चालताना पायांचा त्रास घेऊन वाढली, पट्ट्या बांधाव्या लागल्या. एडिथ रोज रात्री तिचे पाय हातांनी ताणून व्यायाम करून घ्यायची. मुलगी मोठी झाल्यावर या एका गोष्टीसाठी सावत्र आईचे उपकार तिनं उघडपणे मानले. दोघींचं पुढे फारसं पटलं नाही, पण ती रोजची मेहनत ती विसरली नाही.

एडिथ मऊ बाई नव्हती. तिला पाच मुलं झाली: टेड, कर्मिट, एथेल, आर्ची आणि क्वेंटिन. पैशाचे सगळे व्यवहार तिच्या हाती होते. नवऱ्याच्या उत्साहाला लगाम घालायची ताकद तिच्या एका नजरेत असे. माणसं पारखण्यात तो चुकत असे, ती सहसा चुकत नसे, हे तो स्वतःच बोलून दाखवायचा. व्हाइट हाउसमधली साडेसात वर्षं तिनं विलक्षण शिस्तीनं निभावली. या सगळ्यात रोज वेळ काढून दोघं चालायला जात, ऑयस्टर बेला असली की होडीत पुस्तकं आणि जेवणाची टोपली घेऊन दूर निघून जात, एकमेकांना वाचून दाखवत. लहानपणीचाच उद्योग, वयं तेवढी वाढलेली. पण अ‍ॅलिस ली जगली असती तर थिओडोर तिच्या सहवासात कंटाळून मेला असता, असंही ती बोलून गेली. सावत्र मुलीच्या कानावर ते आलं आणि तिनं म्हातारपणी सांगितलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही बाविसाव्या वर्षी गेलेल्या मुलीशी ही बाई मनातल्या मनात झगडत होती. ज्या माणसाबद्दल घरात बोलता येत नाही त्याच्याशी भांडणही कधी मिटत नाही.

बापाचं मौन मात्र मला माफ करता येत नाही. बेबी ली, म्हणजे पुढची अ‍ॅलिस रूझवेल्ट लाँगवर्थ, शहाण्णव वर्षं जगली आणि १९८० साली वारली. वडील आपल्याशी आईबद्दल कधीच, एकदाही बोलले नाहीत, हे तिनं आयुष्याच्या शेवटीही सांगितलं. वडिलांना दुसऱ्या लग्नाबद्दल अपराधी वाटतं हे आपल्याला लहानपणीच कळत होतं, आणि आपल्याला ते कळतंय हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं, असं तिचं म्हणणं. दर वर्षी ती चेस्टनट हिलला आजी-आजोबांकडे जायची, तिथं आईचं घर होतं, आईची माणसं होती. आईबद्दलच्या गोष्टी तिला बॅमीकडून मिळाल्या. वडिलांकडून तिला आईचं नाव मिळालं आणि तेही ते घेत नसत.

मेडोराच्या पत्रातली माफी मला म्हणूनच चुकीच्या ठिकाणी मागितलेली वाटते. एडिथवर प्रेम करण्यात त्याच्याकडून अ‍ॅलिसचा काहीच अपराध झाला नव्हता. तो समजत होता तसा तो चंचल नव्हता, उलट अकरा वर्षांच्या वयात पॅरिसमध्ये लागलेली ओढ त्यानं आयुष्यभर सांभाळली. माफी मागायचीच होती तर ती मुलीची मागायला हवी होती. अ‍ॅलिस लीला ओळखणारी, तिच्या लग्नात नाचलेली बाई घरात होती. आईबद्दल बोलायला यापेक्षा योग्य जागा कुठली? पहिलीच्या आठवणी काढायला दुसरी अनोळखी असती तर संकोच समजण्यासारखा होता. बालमैत्रिणीशी लग्न करून मिळालेली ही मोठी सवलत थिओडोरनं वापरलीच नाही. अपराधाची भावना त्यानं फुलीखाली गाडून टाकली आणि ती त्याच्या मुलीच्या वाट्याला आली. आपल्याकडे आज अशी दोन माणसं एकत्र येताना भिंतीवरची तसबीर उतरवावी की ठेवावी यावर घरात खल होतो. माझं मत विचाराल तर तसबीर राहू द्यावी, आणि नव्यानं आलेल्या माणसानंच नातवंडांना तिच्यातल्या माणसाच्या गोष्टी सांगाव्यात. जुनी ओळख असेल तर त्याच्याकडे त्या असतातच.

*

१४ जुलै १९१८ रोजी धाकटा क्वेंटिन फ्रान्समध्ये विमानयुद्धात मारला गेला. त्यानंतर थिओडोर फार जगला नाही. ६ जानेवारी १९१९च्या पहाटे सॅगमोर हिलमध्ये तो झोपेतच गेला. एडिथ आता सत्तावन्न वर्षांची विधवा. ती पुढे जवळजवळ तीस वर्षं जगली. बोटींनी जगभर हिंडली, आणखी दोन मुलगे गमावले, आणि दोघांनी एकमेकांना लिहिलेली बहुतेक पत्रं तिनं जाळून टाकली. त्यांच्या बोलण्यात दुनियेनं नाक खुपसू नये, हा तिचा विचार होता. संशोधकांना चुटपुट लागते, पण तिचा अधिकार मी मान्य करते.

तिच्या अखेरच्या वर्षांत स्टेफान लोरांट हा चरित्रकार एक जुना फोटो घेऊन तिच्याकडे आला. एप्रिल १८६५, अब्राहम लिंकनची अंत्ययात्रा न्यूयॉर्कमधून चालली आहे. युनियन स्क्वेअरजवळ थिओडोरच्या आजोबांची हवेली, आणि तिच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीत दोन लहान मुलांची डोकी. ही मुलं कोण असावीत, असं त्यानं विचारलं. तो माझा नवरा असावा आणि शेजारचा त्याचा भाऊ एलियट, असं ती म्हणाली. मग तिनं पुढचं सांगितलं. त्या दिवशी आपणही तिथं होतो, पावणेचार वर्षांच्या. रस्त्यावरचा सगळा काळा कपडा बघून आपण रडायला लागलो. दोघा भावांना ते रडणं आवडलं नाही, म्हणून त्यांनी आपल्याला मागच्या खोलीत कोंडून ठेवलं, आणि लिंकनची अंत्ययात्रा काही आपल्याला बघायला मिळाली नाही. तोवर एलियटला जाऊन पन्नास वर्षं होत आली होती, बॅमी १९३१ साली गेली होती, कोरिन १९३३ साली. त्या खिडकीतल्या सहा वर्षांच्या मुलाला ओळखणारं त्याच्या घरातलं दुसरं कुणी तेव्हा हयात नव्हतं. आज तो फोटो छापला जातो तेव्हा बहुतेक वेळा त्याखाली एडिथनं सांगितलेली नावं असतात.